सोनटक्का फुलत का नाही?

कोकणातील घराच्या मागीलदारी किंवा जुन्या वाड्याच्या परसात सोनटक्क्याची जागा बहुधा ठरलेली असे. न्हाणीचे सांडपाणी ज्या पाटाने वाहत जाई, त्याच्या काठाला अळू, कर्दळ आणि केळीच्या संगतीने तो वाढे. त्याला मुद्दाम कोणी पाणी घालत नसे आणि खतही देत नसे. तरीही पावसाळा सरत आला की संध्याकाळी त्याचा सुगंध ओटीपर्यंत येई. वाडे गेले, परसे गेली आणि सोनटक्का सदनिकेच्या बाल्कनीत, कुंडीत येऊन बसला. आता त्याला रोज पाणी मिळते, महिन्याला खत मिळते आणि तरीही तो फुलत नाही, अशी तक्रार शहरातील बहुतेक बागप्रेमी करतात. दुसरी तक्रार दिवाळीनंतरची. पाने पिवळी पडली, दांडे कोलमडले, झाड मेले, म्हणून कुंडी रिकामी केली जाते आणि त्या मातीबरोबर जिवंत कंदही कचऱ्यात जातो.

या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. फुलाचे झाड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोगरा, जास्वंद किंवा गुलाब येतो आणि सोनटक्क्यालाही आपण त्याच रीतीने वागवतो. वास्तविक तो आले आणि हळदीच्या कुळातला आहे. जमिनीवर जे दिसते ते त्या वनस्पतीचे वर्षभराचे वस्त्र. खरे झाड जमिनीखाली आडवे पसरलेले असते. एवढी एक गोष्ट ध्यानात घेतली तर कुंडीची निवड, पाणी, छाटणी आणि हिवाळ्यातील विश्रांती या साऱ्यांचा उलगडा आपोआप होत जातो.

हारासाठीचे फूल

सोनटक्क्याचे शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनेरियम. ग्रीक भाषेत हेडिस म्हणजे गोड आणि किऑन म्हणजे बर्फ. कोरोनेरियम म्हणजे हारात वा मुकुटात गुंफण्याजोगे. गोड वासाचे, बर्फासारखे शुभ्र, माळण्याजोगे फूल असे सारे वर्णन नावातच आले आहे. हे नाव १७८३ साली योहान गेरहार्ड कोनिग या वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केले. हा लिनियसचा शिष्य. दक्षिणेतील तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत तो वैद्यक म्हणून आला होता. मराठी नावात मात्र सोने आहे आणि फूल पांढरे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. पिवळ्या फुलांचे सोनटक्केही आहेत. पण आपल्याकडे घरोघरी दिसतो तो पांढराच.

त्याचे मूळ वसतिस्थान पूर्व हिमालय, ईशान्य भारत आणि तेथून पुढे दक्षिण चीनकडचा प्रदेश. मणिपूरमध्ये त्याला ताखेल्लेई म्हणतात. बंगालीत तो दोलनचाँपा. काझी नझरुल इस्लाम यांच्या १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यसंग्रहाचे नावच ‘दोलनचाँपा’ आहे. सातासमुद्रापलीकडे क्यूबाने तर त्याला राष्ट्रीय पुष्पाचा मान दिला. तेथे त्याचे नाव मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू. फूल नीट न्याहाळले तर हे नाव किती चपखल आहे ते कळते. ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. मोठे पंख दिसतात ते रूपांतरित झालेले वंध्य पुंकेसर होत. खऱ्या पाकळ्या अरुंद फितींसारख्या मागे लोंबत असतात. परागकण देणारा पुंकेसर एकच असतो आणि स्त्रीकेसराची बारीक दांडी त्याच्याच खोबणीतून बाहेर डोकावते. फुलाची नळी लांबलचक असल्याने तळाचा मध लांब सोंडेच्या पतंगांनाच मिळू शकतो. हे पतंग संध्याकाळनंतर उडतात, म्हणूनच कळ्या दिवस कलताना उमलतात आणि सुगंधही त्याच सुमारास सर्वाधिक असतो. सकाळी कामाला जाताना वास येत नाही म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही.

एका दांड्याला एकदाच फुले

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कंदाचा एक डोळा फुटतो आणि त्यातून कोंब वर येतो. त्याचे जे उंच, मांसल ‘खोड’ आपल्याला दिसते ते खरे खोड नसून पानांच्या आवरणांची घट्ट गुंडाळी असते, केळीसारखीच. हा दांडा एक ते दोन मीटर उंच वाढतो आणि त्याची वाढ पूर्ण झाली की अगदी शेंड्यावर हिरव्या खवल्यांचे कणीस येते. प्रत्येक खवल्याआड काही कळ्या दडलेल्या असतात आणि त्या एकामागून एक उमलत राहतात. म्हणून एकेक फूल दिवसा-दोन दिवसांत मावळत असले तरी एक कणीस पुष्कळ दिवस फुलते. कणीस संपले की त्या दांड्याचे काम संपले. त्याला बगलफांद्या फुटत नाहीत आणि तो पुन्हा फुलत नाही. पुढची फुले येणार ती नव्या कोंबांवर.

यातून दोन नियम निघतात आणि घरोघरी नेमके हेच दोन मोडले जातात. पहिला : शेंडा कधीही खुडू नये. मोगऱ्याची छाटणी केली, शेवंतीचा शेंडा खुडला की झाड भरते, हा अनुभव असलेली मंडळी उंच वाढलेल्या सोनटक्क्याचेही शेंडे कापतात. बाल्कनीच्या वरच्या कपड्यांच्या दोरीला पाने लागतात म्हणूनही ते कापले जातात. शेंडा कापला की त्या दांड्याची त्या वर्षीची सारी फुले गेली. उंचीची अडचण असेल तर कुंडी खाली जमिनीवर ठेवावी, दोरी सरकवावी. पण कात्री लावू नये. दुसरा नियम : फुलून गेलेला दांडा मात्र ठेवू नये. कणीस सुकले, पाने पिवळसर झाली की तो मातीलगत कापून टाकावा. जुन्या दांड्यांची दाटी झाली की नव्या कोंबांना उजेड आणि जागा दोन्ही अपुरे पडतात. हिरवेगार, तजेलदार पाने असलेला दांडा तेवढा राहू द्यावा, कारण तो कंदाला अन्न पुरवत असतो.

पसरट कुंडी हवी

कंद खोल जात नाही, आडवा सरकतो. उंच आणि अरुंद कुंडी त्याच्या उपयोगाची नाही. तोंडाशी चौदा ते सोळा इंच रुंद आणि फूटभर खोल अशी पसरट कुंडी, टब किंवा अर्धा कापलेला पिंप उत्तम. आठ-दहा इंची कुंडीत कंद कडेला आपटतो, तेथेच दाटी करतो आणि पानांचा झुपका तेवढा देतो. ‘पाने येतात, फुले येत नाहीत’ या तक्रारीतील निम्म्या कुंड्या बहुधा अशाच लहान असतात. मात्र एक इशारा द्यायला हवा. सोळा इंची कुंडी ओल्या मातीसह तीस-चाळीस किलोंच्या घरात जाते. खिडकीच्या जाळीवर किंवा कठड्यावर ती ठेवणे हा खाली चालणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे. तिची जागा बाल्कनीच्या जमिनीवर, शक्यतो भिंतीलगत.

मातीसाठी दोन भाग बागेची माती किंवा पोयटा, एक भाग चांगले कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट हे मिश्रण चालते. माती चिकण असेल तर त्यात जाड वाळू मिसळावी. तळाच्या भोकांवर खापऱ्या, त्यावर थोडा पालापाचोळा, मग मिश्रण. कंद आडवा ठेवून डोळे वर राहतील अशा बेताने जेमतेम दोन बोटे माती टाकावी. खोल पुरला तर कोंब येण्याआधी कुजण्याचा धोका वाढतो. लागवडीचा काळ फेब्रुवारी ते मे. पावसाळा सुरू होईपर्यंत कोंब हातभर वर आलेले असले की श्रावणानंतर फुलांची आशा धरता येते. पहिल्या वर्षी एखादेच कणीस आले, क्वचित आलेच नाही, तर धीर सोडू नये. नव्या जागेत कंद आधी आपला पसारा वाढवतो.

ऊन, पाणी आणि आरओचे पाणी

सोनटक्का सावलीत जगतो, पण सावलीत फुलत नाही. ‘इनडोअर’ झाड म्हणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेला सोनटक्का कितीही हिरवा दिसला तरी त्याच्याकडून फुलांची अपेक्षा नको. पूर्वेकडची बाल्कनी त्याला सर्वांत मानवते : सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारी सावली. पश्चिमेच्या बाल्कनीत उन्हाळ्याच्या दिवसांत पानांच्या कडा करपतात. नागपूर, अकोल्यासारख्या शहरांत पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तेथे मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत हिरव्या जाळीची सावली द्यावीच लागते. उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत फुलांविषयी मी तरी कोणाला आश्वासन देणार नाही.

पाण्याच्या बाबतीत ही वनस्पती ओढ्याकाठची आहे. मार्च ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात माती कधीही पूर्ण कोरडी पडता कामा नये. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे लागले तर द्यावे. ओलावा टिकावा म्हणून वर वाळलेल्या पानांचे आच्छादन घालावे. कुंडीखालच्या ताटलीत थोडे पाणी राहिले तर वाढीच्या दिवसांत सोनटक्क्याचे काही बिघडत नाही, बिघडते ते घरातील माणसांचे. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडिस डास वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. ताटलीत जाड वाळू भरावी किंवा ती दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासावी. काठाला चिकटलेली अंडी नुसते पाणी ओतून जात नाहीत.

कोणते पाणी घालतो हेही महत्त्वाचे. पाणीटंचाईच्या दिवसांत आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी झाडांना घालण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. हेतू स्तुत्य आहे, परंतु यंत्राने गाळून बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. कुंडीची माती मर्यादित, क्षार तेथेच साठत जातात आणि काही आठवड्यांत सोनटक्क्याच्या पानांची टोके तपकिरी होऊ लागतात. ते पाणी फरशी पुसण्यासाठी वापरावे. न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्का पोसला जाई हे खरे. पण तेथे पाणी वाहते होते आणि पावसाळ्यात सारी जमीन धुऊन निघे. कुंडीत साबणाचे पाणी ओतून ती किमया साधत नाही. त्या मानाने वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळपास क्षारविरहित असते आणि नळाच्या पाण्याशी आलटून-पालटून देता येते. पावसाळ्यात एक-दोनदा कुंडी मोकळ्या पावसात ठेवली तर वर्षभराचे साठलेले क्षार वाहून जातात.

खताविषयी थोडक्यात : वाढीच्या काळात दर तीन-चार आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत किंवा कुजलेले शेणखत आणि जोडीला चमचाभर निंबोळी पेंड पुरेशी आहे. युरिया देऊ नये. नत्र जास्त झाले की पाने हातभर लांब होतात आणि कणीस लांबणीवर पडते. केळीच्या साली भिजवलेल्या पाण्याचे मोठे गुणगान अलीकडे ऐकू येते. त्याने अपाय नाही, पण फुले न येणाऱ्या कुंडीला त्याची मात्रा लागू पडेल असेही नाही. तशा कुंडीला बहुधा ऊन कमी पडत असते.

पिवळे पान म्हणजे मरण नव्हे

दिवाळी उलटली की पुणे, नाशिक, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर अशा थंडी पडणाऱ्या शहरांत सोनटक्का मंदावतो. वाढ थांबते, खालची पाने पिवळी पडतात, काही दांडे वाळतात. मुंबई आणि किनारपट्टीवर थंडी बेताचीच असल्याने तो बहुधा हिरवाच राहतो. त्यामुळे मुंबईच्या मावशीचा सोनटक्का जानेवारीत हिरवागार आणि आपलाच कसा मेला, असा समज पुणेकरांचा होतो आणि तेथेच सर्वांत मोठी चूक घडते. पिवळे पान पाहून काहीजण पाणी वाढवतात. वरची वाढ थांबलेली, कंद पाणी ओढत नाही, माती थंड आणि चिखलासारखी. अशा वेळी आले-हळदीला होणारी कंदकूज सोनटक्क्यालाही गाठते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी कमी करावे. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावरच द्यावे, आणि खत पूर्ण थांबवावे. मात्र महिनोन्‌महिने विसरूनही जाऊ नये, कारण सोनटक्क्याला हळदीसारखी कडकडीत कोरडी विश्रांती मानवत नाही.

झाड खरोखरच गेले की नाही याची परीक्षा सोपी आहे. कडेची माती बोटाने उकरून कंद दाबून पाहावा. तो आल्यासारखा टणक लागला, नखाने ओरखडल्यावर आत पांढरट ओलसर दिसला आणि आल्याशी नाते सांगणारा वास आला तर झाड झोपलेले आहे. मऊ, तपकिरी, दुर्गंधी येणारा भाग असेल तर कुंडी उलटी करावी, कुजलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून टाकावा, उरलेला तुकडा सावलीत एक दिवस सुकू द्यावा आणि नव्या मातीत लावावा. दोन डोळे असलेला बोटभर तुकडा वाचला तरी झाड वाचले असे समजावे. कुंडी फेकण्याआधी ही पाच मिनिटे खर्च करावीत.

किडींचा उपद्रव फारसा नसतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पानांमागे लाल कोळी येतो, पाने फिकट ठिपकेदार दिसू लागतात. पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या पाठीवर मारला की तो आटोक्यात येतो. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसून निंबोळी तेलाची फवारणी करावी. मधलाच कोंब वाळला आणि दांड्यावर भोक व भुसा दिसला तर ती खोडकिड्याची खूण. तो दांडा मुळाशी कापून नष्ट करावा. पावसाळ्यात पानाची कड दुमडून आत एखादी हिरवी अळी बसलेली आढळते. ती बहुधा ग्रास डेमन या फुलपाखराची असते. आले-हळदीच्या कुळातील पाने हेच तिचे अन्न. चार पाने तिला दिली तर झाडाचे काही अडत नाही आणि बाल्कनीत फुलपाखरू जन्मते.

रोपवाटिकेत ‘जिंजर लिली’ मागितली की सोनटक्काच मिळेल असे मात्र नाही. लाल कणसाची अल्पिनिया, पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची शोभेची अल्पिनिया, थायलंडकडची गुलाबी ‘सियाम ट्युलिप’ ही सारी आल्याची भावंडे त्याच नावाने किंवा मोघम ‘जिंजर’ म्हणून विकली जातात. लाल अल्पिनियाला वास नसतो आणि थंडी सोसत नाही. ‘सियाम ट्युलिप’ ही हळदीची बहीण, तिची पाने हिवाळ्यात पूर्ण नाहीशी होतात आणि तेव्हा तिची कुंडी कोरडीच ठेवावी लागते. आपला भुईचाफाही याच कुळातला. उन्हाळ्यात पाने येण्यापूर्वीच त्याची फुले थेट जमिनीतून उगवतात, म्हणून रिकामी दिसणारी त्याची कुंडीही कोणी फेकू नये. खरेदी शक्यतो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, झाडावर फूल असताना करावी. त्याहून चांगले म्हणजे ओळखीच्या घरचा कंद मागून आणावा.

दर दोन-तीन वर्षांनी कुंडी कंदांनी गच्च भरते, मधला भाग जुना होतो आणि फुले रोडावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सारा गड्डा बाहेर काढून प्रत्येकी दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करावेत, कडेचे ताजे तुकडे परत लावावेत. उरलेले कंद टेकडीवर, नदीकाठी किंवा नाल्यात टाकण्याचा मोह मात्र टाळावा. पाण्याबरोबर वाहत जाऊन कंदाचा तुकडा कोठेही रुजतो. ब्राझीलमधील पाणथळ जागा आणि हवाई बेटांवरील ओढ्यांचे काठ याच सुगंधी सोनटक्क्याने व्यापले असून, तेथे तो उपद्रवी वनस्पती गणला जातो. त्याचा पिवळा चुलता काहिली जिंजर तर जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी परक्या जीवजातींच्या यादीत आहे. जादा कंद ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून सोसायटीतील शेजाऱ्यांना द्यावेत; सावलीत आठवडाभर ते सहज टिकतात. फुलदाणीसाठी कणीस हवे असेल तर खालच्या एक-दोन कळ्या उमलू लागल्या की दांडा संध्याकाळी तिरपा कापावा आणि पाणी रोज बदलावे. उरलेल्या कळ्यांपैकी काही पुढल्या दोन-तीन संध्याकाळी घरातच उमलतात.